पिवळी मतचिठ्ठी

आल्वा क्रँडल मेला आणि आमच्या डन्स फेरी गावाने त्याला थेट संतच करून टाकलं. म्हणे, मताच्या स्वातंत्र्याचा पहारेकरी! हसावं की रडावं? मी त्याच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, मला विचारा.

सुरुवातीला माणूस सरळ होता, खोटं का बोलू? छपाईचं एक खटारा यंत्र घेऊन इथे आयोवात आला. स्वतःच बातम्या लिहायचा, स्वतःच शाई फासायचा. तेव्हा प्रत्येक पक्ष आपापल्या मतचिठ्ठ्या छापून आणायचा. मतदाराने हवी ती उचलायची आणि पेटीत टाकायची. रंगीत चिठ्ठ्यांवर तर आल्वाने पेपरात आग पाखडली होती. रंगावरून कुणी कुणाला मत दिलं ते लांबून कळतं आणि मालक गड्याला हाकलतो, म्हणून.

मग त्याला नगराध्यक्ष व्हायची हौस आली. लाकूडगिरणीचा मालक गोरम पाठीशी उभा राहिला, आणि आल्वाच्या चिठ्ठ्या निघाल्या पिवळ्याधमक.

"हे काय हो?" मी विचारलं.

"पांढरा कागद संपला, केझाया."

"मग विरोधकांच्या पांढऱ्या कशा निघाल्या?"

"तू आपले खिळे जुळव."

माझा भाऊ सायलस गोरमच्या गिरणीत करवतीवर होता. त्याने पांढरी उचलली. पेटीपाशी मुकादम उभाच होता. आल्वा निवडून आला आणि सायलसचं काम गेलं. वर गोरमने आवई उठवली, हा दारू पिऊन कामावर येतो. दारुड्याला करवतीजवळ कोण उभं करणार? नदीकाठच्या एकाही गिरणीने त्याला घेतलं नाही.

सायलस छापखान्यात आला. "नोकरी नाही मागत, आल्वा. मी पीत नाही, एवढंच छाप. तुझा शब्द लोक मानतात."

"पुढच्या अंकात बघू."

किती अंक आले नि गेले. शेवटी भावाने कॅन्ससला जायला गाडी जुंपली. निघताना नगराध्यक्षसाहेब हजर! "गावाची आठवण म्हणून पेपर पाठवत जाईन हं, फुकट."

गाडीतून मर्सीवहिनी म्हणाली, "पाठवा की. तिकडे सरपणाची टंचाई आहे म्हणतात."

तो हसला, निर्लज्ज! आणि छापलं काय, तर सायलस कुटुंबासह आनंदाने पश्चिमेला गेला.

कॅन्ससमधला एक पीठगिरणीवाला सायलसला ठेवायला तयार होता. त्याने फक्त आमच्या गावच्या नगराध्यक्षाला पत्राने विचारलं, माणूस कसा आहे? आल्वाने उत्तरच धाडलं नाही. माझा भाऊ लोकांच्या शेतातले दगड वेचत मेला.