रिलीवर आल्याशिवाय साडू उठत नाहीत

आमच्या साडूंइतकं संथ, सौजन्यशील आणि निरुपयोगी युद्ध आजवर कोणत्याही योद्ध्याने लढलेलं नाही. योद्धा हा शब्द मी दातओठ खात वापरतो आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या ताईंचा, हा नवरा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून क्रेन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाला आणि तिथल्याच हुडको वसाहतीत घर घेऊन राहिला. निवृत्त झालेली माणसं गच्चीवर वांगी लावतात, सप्ताहाची वर्गणी मागत फिरतात, नाहीतर चौकात बसून सरकार पाडतात. साडूंनी अंतराळयान धरलं. त्यांच्या मुलीच्या, रश्मीच्या, जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम होता. आपण लढाऊ यानात बसायचं, आपल्या मालवाहू जहाजांची राखण करायची आणि शत्रू चालून आला की त्याला उडवायचं. पोरं हा नाद मिसरूड फुटल्यावर सोडतात. ह्यांनी मिसरूड पांढरं झाल्यावर धरला.

बरं, धरला तर धरला, नीट खेळावं की नाही? क्रेन हलवण्याआधी घंटा द्यायची, खालच्या माणसांना बाजूला होऊ द्यायचं, मग बेताबेताने पुढे सरकायचं, हा कारखान्याचा कायदा. तो ह्या गृहस्थाने थेट ग्रहताऱ्यांत नेला. शत्रू समोर आला की हे आधी देव्हाऱ्यातली घंटी वाजवत आणि मग बंदुकीचं बटण दाबत. आरतीच्या वेळी ताईंना घंटी कॉम्प्युटरपाशी शोधावी लागे. मी एकदा विचारलं, "त्या शत्रूले घंटी ऐकू जाते काय जी?" तर म्हणाले, "नाही जात. पण आपलं काम आपण करावं ना, भाऊजी." तोवर शत्रूने ह्यांचं एखादं जहाज फोडून टाकलेलं असायचं. त्या गेममध्ये म्हणे बढत्या मिळतात. साडू इतकी वर्षं शिकाऊच राहिले आणि त्याची त्यांना कणभर लाज नव्हती.

पण घंटी परवडली. खरा उच्छाद रिलीवरचा. कारखान्यात वितळलेल्या पोलादाची भली मोठी बादली वर लटकत असताना ऑपरेटरने केबिन सोडायची नसते. शिफ्ट संपो, पोटात कावळे ओरडोत, बदलीचा माणूस, म्हणजे रिलीवर, येऊन खुर्चीत बसला तरच उठायचं. साडू घरातही तसेच. जेवायला हाक मारली की बैठकीतून उत्तर, "रिलीवर पाठवा." मग बिचाऱ्या ताई एका हाताने लसूण सोलत आणि दुसऱ्याने यान वळवायचा तो दांडा धरून अंतराळात बसत. गेम थांबवायचं बटण असतं, हे मी स्वतः दाबून दाखवलं. तर माझ्याकडे असं पाहिलं जणू मी चुलीत पाणी ओतलं. "माल वरतं असतानी थांबवते का कोणी?" आता बोला! त्यातल्या त्यात रश्मी चांगली होती. बँकेतून आली की ती चप्पल काढून बापाच्या खुर्चीत बसे, आणि हे हातपाय धुऊन शांतपणे जेवायला जात.

ह्या पायी रश्मीचं एक स्थळ मोडलं होतं. पाहुणे दारात, आणि मुलीचा बाप आतून ओरडतो, "या, बसा, लढाई चालू आहे." बाप सटकलेला आहे अशी बातमी शेजारच्या दुर्ग शहरापर्यंत पोचली. पुढे कुम्हारी गावचं स्थळ आलं. हा मुलगा रश्मीला मनापासून आवडला होता. ती माझ्या बायकोचा हात धरून रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, इस बार बाबाले सांभाळा. हे मोडलं ना, तं मी दुसरं पाहणारच नाही." सांभाळायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

मी सकाळीच जाऊन बसलो. साडूंनी शपथ घेतली की पाहुणे यायच्या आत संपवतो. पाहुणे वेळेच्या आधी आले. बैठकीत सोफ्यावर मुलगा, त्याचे आईवडील, आणि कोपऱ्यात त्यांच्याकडे पाठ करून आमचा सेनापती, घंटी वाजवतो आहे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांचं कोपर ओढलं. "उठा ना जी, पाहुणे बसून राहिले!" "उठतो ना. कोणी बसा तं इथं." मुलाच्या आईने पदर सावरला आणि नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. गेलं हेही स्थळ, म्हटलं.

तेवढ्यात रश्मी चहाचा ट्रे घेऊन आली. तिने बापाकडे पाहिलं, ट्रे टेबलावर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "बाबा, उठा. मी आली." साडू उठले. ती बसली आणि बांगड्या वाजवत तिने शत्रूची यानं अशी पाडली की मी तोंडात बोट घातलं. मुलगा न राहवून पुढे सरकला. "बायीं तरफ से एक और है," तो हळूच म्हणाला. "हाँ, दिखा," ती म्हणाली. इकडे साडूंनी तो ट्रे उचलला. काठोकाठ भरलेले कप, पण बशीत एक थेंब सांडला नाही. ते वाकून मुलाच्या आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माफ करजा. घ्या." मुलीच्या बापाने चहा दिलेला त्या बाईंनी बहुधा जन्मात पाहिला नसावा. त्या एकदम हसल्या. लग्न ठरलं, झालं, आणि रश्मी नवऱ्याबरोबर त्याच्या नोकरीच्या गावी, पुण्याला गेली.

त्यानंतर मी एका दुपारी गेलो, तर कॉम्प्युटरवर चादर. साडू बाहेर ओसरीत नुसतेच बसलेले. सुटलो बुवा, असं म्हणायला हवं होतं मी. म्हणवेना. "बंद कावून केलं?" मी विचारलं.

"एकदा बसलो तं उठवन कोण, भाऊजी? तुमच्या ताईचे गुडघे दुखते. पोरगी होती तवा भरवसा होता." एवढं बोलून ते रस्त्याकडे पाहत राहिले. ह्या माणसावर मी इतकी वर्षं दात खाल्ले आणि आता त्याची ती घंटी ऐकू यावी असं वाटत होतं.

मी आत जाऊन चादर ओढली. म्हटलं, "लावा तुमचं ते. मी बसतो." त्यांनी दांडा माझ्या हातात दिला, पण जेवायला काही गेले नाहीत, माझ्या खुर्चीमागेच उभे राहिले. मी आवेशाने बटण दाबलं आणि यान सरळ आपल्याच जहाजाच्या अंगावर नेलं. साडूंनी माझ्या हातावर अलगद हात ठेवला.

"हळू जी, भाऊजी," ते म्हणाले, "आत माणसं आहेत."