मला ताप आल्याची बातमी

"सुट्टीला आलीया म्हणं. मग एकदा गच्चीवर तरी दिसू नये व्हय? आन् खिडकीत दिसली तर ह्या उकाड्यात डोक्याला फडकं?"

शेजारच्या काकू हे दूधवाल्याला सांगत होत्या. मी आमच्या न्हाणीघरात दात घासत होते आणि खिडकी उघडी होती. दुसरी एखादी असती तर तिनं खिडकीतून डोकं काढून दोन शब्द सुनावले असते. मी नळ बंद केला, म्हणजे पुढचं नीट ऐकू येईल.

"हिकडचं पाणी मानवत नसंल," दूधवाला म्हणाला.

"पाणी मानवत न्हाई म्हणून फडकं कोण बांधतंय?"

प्रश्न बरोबर होता. फडकं बांधणारी ती माझी थोरली बहीण. सहा वर्षं अमेरिकेत होती आणि सुट्टीला मुळीच आली नव्हती. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. निदान झालं त्याच महिन्यात दाजींची नोकरी गेली, आणि तिकडं नोकरीबरोबर आरोग्याचा विमाही जातो. तो स्वतः चालू ठेवायचा तर महिन्याचा हप्ता घरभाड्याहून जास्त. दाजी नवी नोकरी शोधायला तिकडंच थांबले आणि ताई दोन बॅगा घेऊन कोल्हापूरला आली. ऑपरेशन इथं झालं, केमो इथं सुरू झाली.

तिकडच्या तपासण्यांचे कागद मात्र ईमेलनं तिच्या मागं येत राहिले. तिनं पासवर्ड माझ्याकडं दिला आणि म्हणाली, "मला यातलं काही बघायचं नाही." घरातली इंग्रजी मीडियमवाली मी. ताई मराठी शाळेत शिकून अमेरिकेला गेली आणि मी इंग्रजी शाळेत शिकून इथल्याच राजारामपुरीपर्यंत. तरी असले कागद माझ्याच वाट्याला यायचे. पहिल्याच कागदावर ठळक अक्षरात "हे बिल नव्हे" असं लिहिलेलं होतं आणि खाली रक्कम होती. बाबांना मी दहा मिनिटं समजावून सांगितलं की ही नुसती माहिती आहे. दोन दिवसांनी बिल आलं. रक्कम तीच.

"मग पहिला काय साखरपुडा होता?" बाबा म्हणाले.

आपली मुलगी उपचार परवडत नाहीत म्हणून अमेरिकेहून परत आली, हे सांगायचं बाबांच्या जिवावर आलं होतं. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींना त्यांनी वर्षानुवर्षं तिकडच्या हॉस्पिटलांचं वर्णन ऐकवलं होतं. तिथं दवाखान्यात गालिचा असतो, फिनेलचा वास येत नाही, डॉक्टर आधी हात मिळवतात. म्हणून ठरलं, ताई सुट्टीला आलीय. मीही मान डोलावली. मला तर गप्प बसायचं होतं, आणि त्यात माझा हातखंडा होता. अमेरिकेतल्या बहिणीची बहीण म्हणून मीही बरीच वर्षं मिरवून घेतलं होतं, फक्त न बोलता. तिनं पाठवलेले टी-शर्ट घालून.

दुसऱ्या केमोनंतर ताईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या. डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं, "दहा दिवस बाहेरचं माणूस हिच्या खोलीत नको. सर्दी-खोकला असलेलं तर दारातसुद्धा नको. साधी सर्दी हिच्या जिवावर बेतू शकते."

आई घरी येऊन म्हणाली, "आता दारावर कोण बसणार?" तिला स्वतःला ते जमणारं नव्हतं. आमच्या घरात मीटर बघायला आलेला माणूससुद्धा चहा घेतल्याशिवाय गेलेला नाही. बाबांनी पेपर उघडला. मी घरून काम करत होते आणि माझं टेबल पुढच्या खोलीत होतं, म्हणून मी.

मी आधी शांतपणे विचार केला. म्हणजे बोलायची वेळ येऊ नये अशी काहीतरी युक्ती शोधली. पुठ्ठा घेतला, मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं, "कृपया अभ्यागतांनी प्रवेश करू नये", आणि फाटकाला बांधून टाकला. माझ्या शाळेत अशा पाट्या असायच्या आणि आम्ही खरंच आत जायचो नाही. इथं अर्ध्या तासात तिघांनी फाटक वाजवलं. एकानं विचारलं, रंगकाम काढलंय काय. दुसऱ्याला घर विकायचं आहे असं वाटलं आणि त्यानं भावही विचारला. काकू म्हणाल्या, "अभ्यागत म्हंजे कोण गं? आमी न्हवं न्हवं?" आणि आत आल्या. मी पुठ्ठा काढला.

त्या सोफ्यावर बसल्या. त्यांची नजर ताईच्या दाराकडं गेली तशी माझ्या डोक्यात दुसरी युक्ती आली. "काकू, मला ताप आहे," मी म्हणाले. "व्हायरल. तुम्हालाही लागण होईल."

मला वाटलं होतं त्या उठून जातील. गेल्याच. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ताईला फोनवर मेसेजही केला, "काम फत्ते."

एका तासानं काकू पांढऱ्या रश्श्याचा डबा घेऊन परत आल्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "गार हाय की. आत मुरलाय ताप." मग समोरच्या घरातली मंडळी शहाळी घेऊन आली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं पार्ले बिस्किटं पाठवली. आजारी माणसाजवळ जाऊ नये असं मी पुस्तकात वाचलं होतं. आजारी माणसाला बघून यावं लागतं, नाही गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, हे मी याच गल्लीत वाढून विसरले होते. ज्यांना ताईला बघायला यायचं सुचलं नसतं, ते मला बघायला येऊ लागले.

भिंतीपलीकडून ताईचा मेसेज आला, "तिकडं मी आजारी पडले तेव्हा तीन कार्डं आली होती. तुझा ताप लई चाललाय." मग दुसरा आला, "रस्सा ठेव थोडा."

तिला रस्सा खायचा नव्हता, तोंडाला जखमा होत्या. पण ती हसत होती हे मला भिंतीतून ऐकू आलं. मी शाल गुंडाळून सोफ्यावर पडून राहिले, खोटं खोटं कण्हले आणि तिच्या दारावर नजर ठेवली. बावीस अंशांवर एसी लावून ऑफिसची मीटिंग मी शालीतूनच केली. साहेबांनी 'काळजी घ्या' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राधानगरीहून आत्ती आली. आत्ती म्हणजे बाबांची थोरली बहीण. बातमी तिच्यापर्यंत कशी गेली कुणास ठाऊक. पहिल्या एसटीनं आली होती, हातात तुपाची बरणी, डोक्यावरून पदर, आणि पदराचंच एक टोक नाकाला.

"कुठं हाय गं तापकरीण?" ती फाटकातूनच ओरडली. "पोरगी तापानं फणफणलीया म्हणून कळलं. रातभर झोपलो न्हाई मी." मग ती शिंकली, लागोपाठ तीनदा. "एसटीची खिडकी मोडल्याली. लई सर्दी झाली बघ."

माझ्या गालाला हात लावून तिनं निकाल दिला, "ह्या पोरीला काय बी झाल्यालं न्हाई. कामाचा कंटाळा आलाय." बाबांनी पेपरचं पान उलटलं. ते वाचून झालेलं पान होतं.

"आन् अमेरिकावाली? माज्या मांडीवर वाढल्याली पोर, येऊन दोन म्हयनं झालं, एक फोन न्हाई. झोपली आसंल. थांब, उठवतो."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. "वन्सं, आधी चहा घ्या," ती म्हणाली.

"चहा कुठं पळून जातोय," आत्ती म्हणाली आणि चालू लागली. सोफ्यापासून ताईच्या दारापर्यंत आठ पावलं आहेत. मी तीन दिवस ती बघत होते. आत्तीनं चार टाकली तोवर मी शालीत अडकले, उठले, टीपॉयला धडकले आणि शहाळं लवंडलं. दाराला पाठ लावून उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघालं, तर "सॉरी."

"सर की," आत्ती म्हणाली. तिनं हात पुढं केला, कडीकडं. तिचं नाक लाल होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या पाठीमागं, दारापलीकडं पलंग करकरला. ताई उठून बसली होती. बाबांनी पेपर खाली घेतला आणि माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, नको म्हणून.

मी आत्तीचा हात धरला. तो गरम होता. आणि फाटकाबाहेर काकूंनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"आत्ती, मला काही झालेलं नाही. ताईला कॅन्सर आहे. तिकडं उपचार परवडले नाहीत म्हणून ती इकडं आलीय. तुझी सर्दी तिला झेपायची नाही. आत जायचं न्हाई."