दहा मीटरांची कुजबुज

भार्गवी कुठल्याही नव्या खोलीत शिरली की आधी फोन खिडकीत ठेवते. कानात गाणं लावते आणि उलटी चालत जाते. गाणं तुटलं की थांबते आणि मत देते, "हॉल चांगला आहे. किचनकडे मरून राहिलं."

बसमध्ये बसली की ती फोनवर आसपासच्या उपकरणांची यादी उघडते. कुणाच्या हेडफोनचं नाव असतं 'नयनाचे आहेत, हात लावू नका'. लोक खिडकीबाहेर बघतात, ही हे वाचते.

मायक्रोवेव्हमध्ये दूध तापत असताना ती मुद्दाम शेजारी उभी राहून गाणं ऐकते. गाणं अडखळलं की समाधानाने मान हलवते.

फोन उजव्या खिशात असेल तर इअरफोन उजव्याच कानात घालते.

आणि चूक सापडली की ती खूश असते. सगळं नीट चाललं तर तिला जेवण जात नाही.

भार्गवी नागपूरची. बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत ती इअरफोन आणि घड्याळं तपासते. मी साहित्यात एम.ए. केलं. तिच्याच फ्लॅटमध्ये दुसऱ्या खोलीत राहते आणि एका वेबसाइटसाठी मजकूर लिहिते. दोन वर्षं झाली. तिच्याकडे बघून अजून माझं तोंड उघडं राहतं.

सुरुवातीला मी तिला विचारलं होतं की हे ब्लूटूथ म्हणजे नेमकं काय. ती चहा गाळत होती.

"तू घरी आईला फोन करते, तेव्हा तुझा फोन टॉवरला ओरडून सांगतो. टॉवर पुढे नागपूर, सातारा, कुठंही नेतो. ब्लूटूथ ओरडत नाही. कुजबुजतो. फार तर दहा मीटर. म्हणून त्याला बॅटरी पण कमी लागते."

"आणि मधेच कुणी ऐकलं तर?"

"पहिल्यांदा फोन आणि इअरफोन, दोघांची ओळख करून द्यावी लागते. तेव्हा ते आपसात एक खूण ठरवतात. नंतर त्या खुणेनेच बोलतात. आणि एका जागी थांबून बोलत नाहीत. सेकंदाला हजारच्या वर वेळा जागा बदलतात. पुढची जागा कुठली, ते दोघांनाच माहीत."

"हजार वेळा?"

"हजारच्या वर. तुझा चहा थंड होऊन राहिला."

मी पाच वर्षं प्रेमकविता शिकले. त्यात असं काही नव्हतं.

पद्मनाभकाकांची गोष्ट गेल्या महिन्यातली. काका येलहंक्यात राहतात. सरकारी कारखान्यात विमानाचे सुटे भाग करण्यात सगळी नोकरी गेली. चाळीस वर्षं बेंगळुरूत आहेत, त्यामुळे मराठी बोलताना मधूनमधून कानडी येतं, 'बरं'ला 'सरी' आणि 'थोडं'ला 'स्वल्प'. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात दर वर्षी मुख्य काम त्यांचं. पण आजारपणानंतर त्यांची वाक्यं निसटू लागली. पहिले दोन शब्द कुणी दिले की पुढचं सगळं पाठ. पण ते दोन शब्द विंगेतून त्यांना ऐकू येत नव्हते. मागच्या नाटकात प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला, काकांपर्यंत गेला नाही.

दिग्दर्शन सुचेताअक्कांकडे असतं. त्या सरळ म्हणाल्या, "काका, या वर्षी शाल-नारळ घ्या आणि पहिल्या रांगेत बसा."

"अक्का, शाल घेतली की माणूस संपला. एक संधी द्या."

"एकच. प्रयोगात अडलात तर पुढच्या वर्षी शाल. मग कुरकुर नाही."

"सरी," काका म्हणाले. आवाज बारीक होता.

भार्गवी त्या बैठकीला माझ्याबरोबर नुसती वडे खायला आली होती. तिने हातातला वडा ठेवला. "काकांच्या कानात छोटा इअरफोन घालू. ही विंगेतून वाचेल."

ही म्हणजे मी. माझ्या एम.ए.चा मंडळाला झालेला हा पहिला उपयोग.

रचना सोपी होती. मी विंगेत संहिता घेऊन बसायचं आणि माझ्या फोनवरून भार्गवीच्या फोनला कॉल लावायचा. तिचा फोन विंगेतल्या टेबलावर. त्यातून माझा आवाज ब्लूटूथने काकांच्या कानात.

"मग फोन काकांच्याच खिशात ठेवू की," मी म्हणाले.

"कुठला खिसा?" अक्का म्हणाल्या.

खरंच होतं. नाटक पाण्याच्या टँकरवरचं. एक गृहस्थ अंघोळीला निघतात, नळ जातो, आणि टँकर येईपर्यंत ते पूर्ण अंक बनियन आणि पंच्यावर घरच्यांना भाषणं देतात. एका तालमीला काकांनी फोन पंच्याला खोचून पाहिला. दुसऱ्या वाक्याला पंचा सुटायला लागला. काकांनी तो धरला आणि सगळी भाषणं एका हाताने केली.

यशवंतपूरच्या हॉलमध्ये रविवारी तालमी व्हायच्या. टेबलावरून रंगमंचाच्या टोकापर्यंत भार्गवीने उलटं चालून पाहिलं. आवाज कुठेच तुटला नाही. फक्त एक गोष्ट तिला खुपत होती. माझा शब्द काकांना जरा उशिरा पोचायचा.

"आवाज कापायचा, त्याच्या पुड्या बांधायच्या, पाठवायच्या, तिकडे सोडायच्या," ती मला म्हणाली. "त्यात हा वेळ जातो. वर तुझा कॉल. चूक आहे ही. सॉरी काका."

"असू दे गं. निदान येतं तरी," काका म्हणायचे.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. आमच्यानंतर लहान मुलांचा मोरांचा नाच होता. सगळे मोर आणि मोरांच्या आया आधीच विंगेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पिसाऱ्यांतून मला काकांचा एक खांदा दिसत होता.

पहिली दोन वाक्यं विंगेजवळची होती, ती पोचली. तिसऱ्याला मी सांगितलं, "पंच्यावर असलो तरी." काका गप्प. मी पुन्हा सांगितलं. काकांनी मान वाकडी केली, नळाला कान लावल्यासारखी. लोक हसले. काका हसले नाहीत. त्यांचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

पहिल्या रांगेत अक्का बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले.

माझ्या शेजारी उभ्या भार्गवीने विंगेतल्या गर्दीकडे पाहिलं. "माणसं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माणूस म्हणजे बरंचसं पाणी. पाणी ब्लूटूथची लहर पिऊन टाकतं. तालमीला इथे कोणी नव्हतं. आता मधे वीस मोर उभे आहेत. आणि इअरफोन काकांच्या उजव्या कानात, आपण डावीकडे. म्हणजे काकांचं डोकं पण मधे."

तिने एका आईला बाजूला व्हायला सांगितलं. "आमचा नंबर जाईल," आई म्हणाली आणि आणखी घट्ट उभी राहिली.

भार्गवीने टेबलावरचा फोन उचलला. ओढणी कमरेला खोचली. "हा लपवायला काहीतरी दे," ती म्हणाली. सेटवरची जादा बादली माझ्याजवळ होती, ती मी पुढे केली.

"स्टीलची नको. लहर आतच कोंडली जाईल. प्लॅस्टिकची आण."

मी बाथरूममधली लाल बादली आणली. तिने तळाशी फोन ठेवला, वर फडकं टाकलं, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि रंगमंचावर गेली.

संहितेत मोलकरीण नव्हती. मुलाचं काम करणारा पुष्कर तिच्याकडे बघतच राहिला.

"साहेब, पाणी आलं का?" भार्गवी म्हणाली. "भांडी तशीच पडून राहिली."

हॉल हसला. ती झाडत झाडत काकांच्या उजव्या हाताला गेली आणि बादली तिथे ठेवली. मी फोनमध्ये म्हणाले, "पंच्यावर असलो तरी."

काका थांबले. त्यांनी रिकाम्या बादलीकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "पंच्यावर असलो तरी मी या घरचा कर्ता पुरुष आहे."

हॉल हसून कोसळला.

पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं ते कुठल्या अभ्यासक्रमात बसणार नाही. काका डावीकडे गेले की भार्गवी वळसा घालून त्यांच्या उजवीकडे जायची. काका वळले की ती वळायची. कुठेही गेली तरी बादली तिच्या हातात. एकच फरशी तिने इतक्यांदा झाडली की पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, झाली ती."

शेवटी काकाच वैतागले. संहितेबाहेर म्हणाले, "तू काय माझ्या मागे मागे?"

"टँकर आला की जाते ना साहेब."

"सरी. मग स्वल्प लांबून झाड."

"लांबून नाही जमत."

पुष्करने पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

प्रत्येक वाक्याआधी तेच होत होतं. मी शब्द द्यायचे. तो कापला जायचा, बांधला जायचा, सुटायचा. तेवढा वेळ काका पंचा सावरत शून्यात बघायचे. लोक श्वास धरून थांबायचे. मग वाक्य यायचं. एकदाही ते अडले नाहीत.

पडदा पडल्यावर येलहंक्याचे विठोजी, काकांचे कारखान्यातले जुने सोबती, आत आले. त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले. "पद्मनाभ, हा पॉज तू कधी शिकलास? आधी तर सुसाट बोलायचास."

काकांनी बनियन खाली ओढली. "वयाने येतं."

सुचेताअक्का मागून आल्या. "शाल आणून ठेवली होती, ती परत देते. पुढच्या वर्षीचं नाटक तुम्हाला धरूनच निवडते. आणि ही मोलकरीण पण हवी मला."

काका खुर्चीवर बसले आणि बराच वेळ पंच्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिले.

भार्गवीने यातलं काही ऐकलं नाही. ती बादलीतून फोन काढत म्हणाली, "तो उशीर काढायला पाहिजे."

पुढच्याच आठवड्यात तिने नवा इअरफोन आणला आणि मधला कॉल टाळून आवाज सरळ कानात नेणारी छोटी पेटी स्वतः जोडली. काका दोन बस बदलून आमच्याकडे आले. मी शब्द दिला. तो लगेच पोचला. काकांनी वाक्य लगेच म्हटलं. आणि चेहरा पाडून बसले.

"काय झालं काका?"

"हे फार लवकर आलं गं."

"तेच तर पाहिजे होतं."

"मला बघायला वेळच नाही मिळाला. आधीसारखा उशीर दे."

"काका, उशीर ही चूक आहे."

"तुझी असेल. माझा तो पॉज आहे."

भार्गवीने पेटी पुन्हा उघडली. मग ती कामाला लागली. उशीर हवा तेवढा कमीजास्त करता येईल असं एक बटण तिला बसवायचं आहे. काका रोज फोन करतात. चौथ्या वाक्याला स्वल्प जास्त, सहाव्याला कमी, भांडणात अजिबात नको. काल म्हणाले, दुःखाचा वेगळा ठेव.

पेटी उघडी आहे. तारा बाहेर आहेत. बटण अजून बसलेलं नाही. हे सगळं जेवणाच्या टेबलावर पसरलेलं असल्यामुळे आम्ही दोघी सध्या खाली बसून जेवतो. भार्गवीला जेवण जातं आहे.