घंगाळाचं बूड

सुरतेत जुन्या भांड्यांची पारख करावी तर शालिग्रामनंच, असं लोक म्हणत, आणि हे बोलणं त्याच्या डोक्यात गेलं होतं. कापडाच्या लूमवरचं काम सोडून तो जुन्या पितळेच्या दुकानात लागला त्याला बरीच वर्षं झाली. नव्या भांड्याला आम्ल फासून जुनं म्हणून खपवणारे व्यापारी त्याला चांगलेच वचकून असत. "हातोडीचे ठोके बघा, काठ बघा, कड्या बघा, मग बूड बघा," असं तो गिऱ्हाइकाला बजावायचा, "घाई करू नका."

त्याची बहीण कमल सुरतेजवळच्या सचिन गावाहून आईचं पितळी घंगाळ घेऊन आली, त्या दिवशी घाई त्यालाच होती. समोर मोठं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. हे घंगाळ मी माहेरहून आणलंय, असं आई मरेपर्यंत सांगायची. सोनालीला, म्हणजे कमलच्या लेकीला, हळदीची आंघोळ त्यातल्याच पाण्यानं घालायची, हीही आईचीच इच्छा. कमलला ते नुसतं उजळून हवं होतं.

शालिग्रामनं घंगाळ पालथं केलं. बुडाचा पत्रा गुळगुळीत, सरळसरळ यंत्राचा.

"हाई मायना माहेरनं नही शे. बजारनं शे, नवं," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

कमलचा चेहरा पडला. भावाच्या शब्दापुढे ती जाणार कुठं? वाटेत तिनं ते मोडीत दिलं आणि स्टीलची पातेली घेऊन घरी गेली.

हळदीला सरलाबाई मावशी आली. आल्या आल्या तिनं घंगाळ कुठंय विचारलं, आणि कमलनं सगळं सांगताच कपाळावर हात मारला.

"आरे, बूड फुटनं व्हतं! आम्ही बारडोलीले ऊसतोडीवर व्हतूत, तधळ तुनी मायनी नवं बसाडं. बाकी सगळं जुनंच व्हतं ना!"

मांडवात बसलेल्या शालिग्रामनं ते ऐकलं. काठ, कड्या, ठोके यांतलं काहीच त्यानं पाहिलं नव्हतं. परक्यांच्या भांड्यांवर अर्धा-अर्धा तास घालवणारा माणूस, आईच्या भांड्यावर मात्र एक नजर टाकून मोकळा झाला होता. तसाच उठून तो मोडवाल्याकडे धावला, पण माल केव्हाच भट्टीत गेला होता.

परत आला तेव्हा कमल मांडवाच्या खांबाशी उभी होती. त्याचे रिकामे हात तिनं पाहिले.

"घंगाळनं जाऊ दे, भाऊ," ती म्हणाली. "तुनं ऐकीसन मी मायले खोटी समजनू."