मधला घास

"मधे गार आहे," असं म्हणून काका चमचा खाली ठेवायचे आणि मनगटावरचं घड्याळ बघायचे.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात रोज दुपारी एक वाजता हे चालायचं. आम्ही बाकीचे घरचे डबे उघडून बसलेले. काका, म्हणजे आमच्या तपासणी खात्यातले सगळ्यात जुने इन्स्पेक्टर, थर्माकोलच्या पेटीतून एक चपटा, टणक गोठलेला डबा काढायचे, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचे आणि चार मिनिटं त्याच्यासमोर उभे राहायचे. मग चमचा बरोबर मधोमध खुपसून एक घास. कडेचा भात वाफाळत असला तरी त्याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. खिशातल्या वहीत काहीतरी टिपायचे आणि डबा पुन्हा एक मिनिट आत. मागे रांग लागलेली असायची, आणि त्या रांगेत बहुतेक वेळा मी असायचे, भुकेलेली आणि वैतागलेली.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. पाठकोऱ्या कागदांवर लिहिणारा, एक छत्री दहा वर्षं पुरवणारा. हाच माणूस दर आठवड्याला 'हेल्दी' जेवणाचे फ्रोझन डबे घरपोच मागवतो म्हटल्यावर आम्ही कसले गप्प बसतो? एका डब्याच्या पैशात डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रातलं दोन वेळचं जेवण येतं. मी एकदा त्यांच्या डब्यातला घास घेऊन पाहिला. लाल तांदळाचा भात, पालकाची डाळ, पनीरचे मोजून चार तुकडे. मीठ नावाला.

"काका, एवढे पैसे घालून खाण्यासारखं काय आहे हो यात?" मी विचारलं.

"परवडत नाहीच ताई," ते म्हणाले. "पण झाकण बघा. एका बोटाने निघतं."

झाकणाचं हे कौतुक मी पुढे महिनाभर टिंगलीसाठी वापरलं. आज त्याची लाज वाटते.

एक दिवस हिरव्या झाकणाच्या जागी पांढरं झाकण आलं. काका जेवलेच नाहीत. पँट्रीच्या दारात उभे राहून कस्टमर केअरच्या मुलीला विचारत होते, "पण बदललं का? आता त्याने ओळखायचं कसं?" त्या मुलीने बहुधा सॉरी म्हटलं असणार. काका फोन ठेवून किती तरी वेळ ते झाकण हातात फिरवत बसले.

हा 'तो' कोण, ते मला पुढच्या महिन्यात कळलं. काका रजेवर होते आणि एका ऑर्डरच्या कागदांवर त्यांची सही हवी होती. मीही डोंबिवलीचीच, म्हणून कागद घेऊन घरी गेले. दार एका सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, गुबगुबीत, हसऱ्या मुलाने उघडलं.

"बाबा झोपलेत. ताप आहे," तो म्हणाला. बोलणं सहा-सात वर्षांच्या पोराचं होतं.

काका उठून बसले. "हा ओंकार. याची आई गेली त्याला चार वर्षं झाली," म्हणाले. मग, मी न विचारताच, सगळं सांगितलं. ओंकारच्या हातात गॅस देता येत नाही, एकदा फडकं पेटलं होतं. बाहेरचा डबा उन्हाळ्यात आंबतो आणि याला वास कळत नाही. किती खायचं तेही कळत नाही, आणि शुगर तर आताच वाढलेली. डबा संपला की जेवण संपलं, एवढं मात्र नक्की कळतं.

"मी नसेन तेव्हा दुपारी एक वाजता हा काय करेल, एवढंच मी शोधतोय ताई. म्हणून प्रत्येक प्रकारचा डबा आधी मी गरम करून बघतो."

आमच्या कारखान्यात भोक तपासायला एक गेज असतो. त्याचं एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. आकडे वाचायचे नाहीत, डोकं लावायचं नाही. हो किंवा नाही. काकांनी घरी तसाच एक गेज केला होता. फ्रीझरमध्ये पारदर्शक डबीत बर्फ आणि बर्फावर एक नाणं. वीज फार वेळ गेली तर बर्फ वितळून नाणं तळाला जातं. मग वीज आली की सगळं पुन्हा गोठतं, जेवणाचे डबेही चांगले दिसतात, पण नाणं खालीच राहतं.

"नाणं वर, तर खायचं. नाणं खाली, तर समोरच्या काकूंकडे जायचं," ओंकारने मला पाढ्यासारखं म्हणून दाखवलं.

"परीक्षा घेतलीत का?" मी विचारलं.

"घेतली ना. मुद्दाम नाणं खाली गोठवलं. तर साहेबांनी माझ्या शर्टाच्या खिशातून दुसरं नाणं काढलं आणि बर्फावर ठेवलं. वर मलाच सांगतोय, बाबा, नाणं वर!"

आम्ही दोघं पोट धरून हसलो. ओंकारही हसला. मग काका एकदम थांबले.

"ताई, त्याने ते खाल्लं असतं," म्हणाले.

उन्हाळ्यात काकांच्या छातीत कामावरच दुखायला लागलं. ठाण्याच्या हॉस्पिटलात दाखल केलं, ऑपरेशन ठरलं. ओंकारकडे समोरच्या काकू बघत होत्या. त्यातच त्यांच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळला. परवा सकाळी गेलेली वीज आज पहाटे आली, असं कळल्यावर काकांनी मला फोन केला. आवाज खोल गेला होता.

"दोन दिवस काकूंनी जेवू घातलं त्याला. आज त्यांना म्हटलंय, बोलवू नका. तुम्ही जाल का? मदत नाही करायची, नुसतं बघायचं. खायला लागला तर मात्र हात धरा."

मी गेले. खुर्चीत बसले आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. भिंतीवरच्या घड्याळात एकच्या आकड्यावर लाल टिकली चिकटवली होती. काटा तिथे आल्यावर ओंकार उठला, फ्रीझर उघडला. डबे ओळीने रचलेले, कडक गोठलेले, कुणीही खुशाल खाल्ले असते असे. त्याने नाण्याची डबी काढून डोळ्यांसमोर धरली, मग उलटी करून पाहिली. नाणं तळाशी होतं.

तो माझ्याकडे वळला. "मावशी, पैसा आहे?"

पर्समध्ये रिक्षावाल्याने परत दिलेली सुटी नाणी होती. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले आहे, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"नाही रे," म्हटलं.

"भूक लागलीय," तो म्हणाला आणि त्याने एका डब्यावर हात ठेवला. मी अर्धवट उठले, परत बसले. तो तसाच उभा होता, फ्रीझरमधली वाफ त्याच्या पोटावर येत होती. मग त्याने हात काढला, फ्रीझर लावला, डाव्या-उजव्याची खात्री करून चपला घातल्या आणि समोरची बेल वाजवली.

"काकू, नाणं खाली."

संध्याकाळी मी धावतपळत हॉस्पिटल गाठलं. काकांनी चष्मा मागून घेतला, जणू मी कागद आणले होते.

"दुसरं नाणं शोधलं का?"

"माझ्याकडे मागितलं."

"दिलंत?"

"नाही."

"म्हणजे त्याच्या मनात आलंच," ते म्हणाले.

"अहो, पण गेला ना तो काकूंकडे! पास म्हणा की आता."

"एका नमुन्यावर अख्खा लॉट पास करत नाहीत, ताई." डोळे भरले होते, पण इन्स्पेक्टर हटला नाही. "घरी आलो की अजून दहा वेळा घेतो."

ऑपरेशननंतर ते घरी आले नाहीत.

आता विठ्ठलवाडीची त्यांची बहीण ओंकारजवळ येऊन राहिली आहे. ती कामाला जाते. दुपार ओंकारची एकट्याची. ते डबे पैसे देण्याजोगे आहेत का, असं ऑफिसात नवीन पोरी मला विचारतात. चवीला नाहीत, एवढंच मी सांगते. डोंबिवलीत वीज गेली की मी समोरच्या काकूंना फोन करते. त्याही माझ्याच फोनची वाट बघत असतात.

परवा शनिवारी गेले होते. ओंकारने डबी काढून मला दाखवली. नाणं वर होतं. मग त्याने माझ्यासाठी एक डबा लावला आणि चार मिनिटं मायक्रोवेव्हसमोर उभा राहिला. मला भूक लागली होती. त्याने डबा काढला, झाकण एका बोटाने उघडलं, चमचा बरोबर मधोमध खुपसून एक घास घेतला.

"मधे गार आहे," तो म्हणाला आणि डबा परत आत ठेवला.

मी त्याच्यामागे उभी राहिले, पँट्रीतल्या रांगेत राहायचे तशी.