सत्यघटनेवर आधारित

हरेशची पहिली कादंबरी कुणीच विकत घेतली नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्या सासऱ्यांनी घेतली होती. बाकीच्या प्रती लग्नांत, वास्तुशांतीत आणि ओळखीपाळखीत फुकट गेल्या. घेणारा प्रत्येक जण एवढंच म्हणाला, "हे तुम्ही स्वतः लिहिलंत? वेळ कसा मिळतो हो?" पान कुणी उलटलं नाही. उरलेले गठ्ठे पलंगाखाली गेले आणि केर काढताना त्याची बायको माधवी त्यांना झाडूचा एक ठोसा देऊ लागली.

हरेश दापोड्याच्या एका गोदामात डिस्पॅचला होता. कुठली गाडी कुठल्या दाराला लागणार, हे ठरवायचं त्याचं काम. दुसऱ्या कादंबरीचं बीज त्याला तिथेच सापडलं. गेटबाहेर दर शनिवारी ठकूबाई बसायची. सत्तरीची, एका डोळ्यात फूल पडलेलं. लिंबू-मिरची ओवून झाली की दोरा दातानं तोडायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. तिच्याकडची लिंबू-मिरची गाडीला बांधल्याशिवाय ड्रायव्हर हलत नसत. हरेशनं ती अख्खी बाई उचलून कादंबरीत बसवली. डोळा, दात, पुटपुटणं, काही सोडलं नाही. नाव तेवढं बदललं आणि आपण मोकळे झालो असं त्याला वाटलं. कादंबरीतली म्हातारी शाप पुटपुटत लिंबू-मिरची बांधते आणि ती गाडी परत येत नाही. शेवटच्या प्रकरणात लोक तिची झोपडी तिच्यासकट पेटवतात. ते प्रकरण लिहून झालं तेव्हा हरेशनं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

"आतला माल मस्त आहे," धामणकर नाक्यावरचा छपाईवाला भूपेश म्हणाला, "पण मुखपृष्ठावर पकडणारं काहीतरी पाहिजे. 'सत्यघटनेवर आधारित' टाकू?"

"यात सत्य कुठे आहे?"

"अरे, कादंबरी आहे. कोण विचारायला येतंय?"

टाक म्हणायला हरेशला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पुस्तक चाललं. चाललं कसलं, पळालं. गेटबाहेर गाड्या पाच-पाच तास खोळंबतात, मोबाइलची बॅटरी संपते आणि ड्रायव्हरला करायला काही उरत नाही. चहाच्या टपरीवर एक जण मोठ्यानं वाचायचा, दुसरा ते हिंदीत सांगायचा आणि बाकीचे चहा थंड करत ऐकायचे. दुसरी आवृत्ती निघाली. एका अनोळखी माणसानं सही मागितली तेव्हा आनंदाच्या भरात हरेशनं पूर्ण नाव, तारीख आणि वारही लिहून टाकला. माधवीसुद्धा पलंगाखालच्या गठ्ठ्यांकडे जरा आदरानं बघू लागली.

मग एका शनिवारी दुपारी त्याला ठकूबाईची टोपली भरलेलीच दिसली. ड्रायव्हर तिला वळसा घालून जात होते. पुढच्या शनिवारी कुणीतरी तिच्यापुढे थुंकलं. धंद्यात कमीजास्त व्हायचंच, अशी हरेशनं स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर तिसऱ्या आवृत्तीचं बोलणं चाललं होतं आणि त्याला त्या टोपलीकडे बघायचंच नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी सकाळी बातमी आली की मनोजची गाडी घाटात उलटली. मनोज गोदामाचा नेहमीचा ड्रायव्हर. जीव वाचला, पाय गेला. गाडीला पुढे ठकूबाईकडून पूर्वी घेतलेली लिंबू-मिरची अजून लटकत होती.

हरेश टपरीवर पोचला तेव्हा आठ-दहा जण उभे होते. कुणी ओरडत नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटली. मनोजचा भाऊ चांगदेव त्याला बघून पुढे आला. त्याच्या हातात पुस्तक होतं आणि शेवटचं पान दुमडलेलं होतं.

"बरं झालं आलात, सर. यातलं तुम्हाला माहीत. शेवटी लिहिलंय तसंच करायचं, की त्याआधी काही उतारा असतो?"

शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा वाचक मिळावा म्हणून हरेश आयुष्यभर झुरला होता. तो असा समोर उभा राहिला तेव्हा त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

"चांगदेव, ते सगळं खोटं आहे. मी रचलंय. एकही गाडी हरवलेली नाही, कुणी मेलेलं नाही."

"वर छापलंय ना, सत्यघटना."

"ते खपावं म्हणून छापलं रे!"

"मग फूल पडलेला डोळा कुणाचा? दातानं दोरा तोडते ते खोटं?"

"ते... ते खरं आहे."

"बघा."

मागून एक जण म्हणाला, "बुढ़िया ने सर को धमकाया होगा. देखो, पसीना छूट रहा है."

घाम खरंच फुटला होता. हरेशनं पुस्तक ओढून घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि मुखपृष्ठावरची ती ओळ खसाखसा खोडली. खोडलेलं पुस्तक हातोहात फिरलं, आणि ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही खात्री पटली. चांगदेव शांतपणे म्हणाला, "मनोजला बघून येतो. मग बसू." हे 'बसणं' कसं असतं ते हरेशनंच शेवटच्या प्रकरणात बावीस पानं भरून लिहिलं होतं.

पोलिसांत जायला हवं होतं. पण तिथे पहिला प्रश्न पुस्तकाचाच निघणार, या विचारानं त्यानं ते पुढे ढकललं. आधी म्हातारीला हलवू, मग जाऊ, असं ठरवून तो गोदामांच्या मागे तिच्या घराकडे पळाला. भर दुपारी दार बंद होतं. त्यानं ते ढकललं. आत ठकूबाई भिंतीला टेकून बसली होती.

"आजी, उठा. अंबाडी गावाला तुमच्या लेकीकडं सोडतो. आत्ताच्या आत्ता."

ती हलली नाही. "तुझं बुक आयकलं रं," ती म्हणाली. "शेजारच्या पोरीनं, दिशानं, वाचून दाखवलं. शेवटचं न्हाय वाचलं तिनं, रडाया लागली."

"खोटं आहे ते, आजी. माझी चूक झाली."

"खोटं कसं? डोला माजा हाय, दात माजं हायेत. मी पुटपुटतं तं पन खरं हाय."

"काय पुटपुटता तुम्ही?" एवढी कादंबरी लिहिली, पण हे त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं.

"सुखरूप जा, सुखरूप ये. दुसरं काय?" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पन एखांदा लय घासाघीस करतो, तवा मनात शिवी येती रं. मनोजनं बी केलती घासाघीस. त्याच शिवीनं झालं आसल का त्याचं? तू शिकलेला, तुला ठावं आसल."

इतकी भीती हरेशला टपरीवरही वाटली नव्हती. "नाही, आजी, नाही," तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. आजाऱ्यानं नातेवाइकांचं ऐकावं तसं तिनं ते ऐकून घेतलं आणि मान हलवली.

त्यानं तिचे कपडे पिशवीत कोंबले, तिचा दंड धरला आणि तिला रस्त्यावर आणलं. मनोजकडे न जाता चांगदेव आणि आणखी दोघं वळणावर येऊन उभे होते. तिघंही इकडेच बघत होते. हरेशनं हात करून एक रिक्षा थांबवली आणि पिशवी आत टाकली. ठकूबाईनं मात्र दंड सोडवून घेतला आणि ती रिक्षापासून दोन पावलं मागे सरली.

"आजी, बसा लवकर!"

"न्हाय रं. मी चालत जातं."

"अंबाडी काय जवळ आहे? ते लोक येतायत, बसा!"

तिनं रिक्षावाल्याकडे एकदा बघितलं आणि घाईघाईनं नजर खाली वळवली.

"नको रं," ती हळूच म्हणाली, "त्याला पोरंबालं आसतील."