पंचमीच्या दिवशीची वाळू

शिराळ्यात सासरी आले तेव्हा माझ्या वाट्याला चूल, गोठा आणि सासऱ्यांची मासे पाळायची काचेची पेटी आली. चूल-गोठ्याची सवय होती. पेटीचा मात्र मला मनापासून राग होता. पलटणीतून परतताना लोक ट्रंका आणतात, कांबळी आणतात. आमच्या मामंजींनी हे खूळ आणलं. पेटीत एक वाम होती, सापासारखी लांबट. ती तळाशी लोळायची आणि तिची घाण मी काढायची. रबरी नळी तोंडानं ओढून तळाचा गाळ बादलीत सोडायचा. मग पेटीवरच्या भोकांच्या डब्यातून, वाळू-कोळशातून, पाणी गाळून परत आत सोडायचं. नळी ओढताना एखादा घोट तोंडात येईच.

एकाहत्तरच्या श्रावणात मामंजी डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेला गेले. जाताना म्हणाले, "पोरी, पट्टी सुटली की घरी यून पयली ती वामच बघणार हाय. तेवढी संभाळ." मला हसू येत होतं, पण त्यांचा आवाज कापत होता.

नागपंचमीला मी वारूळ पुजून घरी आले तर पेटीतलं पाणी पांढरंफटक. शेजारच्या काकू हात जोडून उभ्या होत्या. "ह्योबी नागोबाच की गं!" म्हणाल्या. तांब्याभर दूध आणि ओंजळभर लाह्या त्यांनी पेटीत वाहिल्या होत्या. भक्तीला काय बोलणार? मी दातओठ खात नळी धरली.

दुपारपर्यंत नासक्या दुधाचा वास सुटला. विहिरीचं पाणी घालावं, तर उरलेल्या दुधानं तेही लगेच गढूळ होई, आणि गाळावं, तर डब्यातली वाळूच साय धरून चिकटली होती. धुतली तरी थेंब खाली उतरेना. वाम तोंड वर काढून हवा गिळू लागली. बादलीत ठेवायची सोय नव्हती. आधीची एक अशीच उडी मारून मांजराच्या तोंडी गेली होती. मामंजींना आता काय तोंड दाखवू?

चांगली वाळू ओढ्याच्या काठी होती, पण वर मातीचा थर बसलेला. खणल्याशिवाय ती हाती येणार नव्हती. मी खुरपं उचललं तशा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात आडव्या झाल्या.

"आज चिरायचं न्हाई, खणायचं न्हाई, ठावं न्हाई व्हय? उपास कुणापायी धरलायस?"

उपास भावासाठी. माझा एकुलता एक भाऊ तेव्हा सरहद्दीवर होता आणि लढाईची हवा होती. "आवं आत्याबाई, जीव जातोय तिचा," मी तावातावानं म्हणाले. असल्या गोष्टी मी मानत नाही, असं एरवी ठणकावून सांगायची. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाऊल पडेना.

आत्याबाई पेटीपाशी गेल्या. वाम कुशीवर कलली होती. त्या पेटीला त्या जन्मभर सवत म्हणत आल्या होत्या. तशाच परत येऊन त्यांनी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

"तू नळी धर. तुझा भाऊ हाय. माझा कवाच गेला, मला आता कुणापायी भ्यायचंय?"

पदर खोचून, पाटी घेऊन त्या ओढ्याकडे गेल्या.

वाम जगली. मामंजी परतले तेव्हा त्यांनी तिला डोळे भरून पाहिलं आणि "सूनबाईनं राखली" असं गल्लीभर सांगत सुटले. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर आत्याबाईंनी चुलीपुढूनच मला डोळ्यांनी दटावलं.